न झिजलेला खोडरबर

तीन जळालेल्या शेड. नॉटिंगहॅमहून शनिवारी येणारी बस. एचबी पेन्सिल. आल्याच्या बिस्किटांचा डबा. 'वडील' हा शब्द.

मित्रांनो, यात मी कुठे, असं विचाराल. मी टेबलावर होतो. मी खोडरबर. म्हातारा झालो, पण फारसा झिजलो नाही, आणि हे सांगतानाच मान खाली जाते.

१९६८ साली मी शशिधर वेलणकरांच्या टेबलावर आलो. नॉटिंगहॅमजवळच्या एका कुलूपबंद हॉस्पिटलात ते गुन्हेगारांवर मानसोपचार करत. प्रत्येक माणसाचा एक कागद असे. लहानपणी काय घडलं, गुन्हा कशाने सुचतो, पुन्हा का होतो, कशाने थांबेल. या मांडणीला ते फॉर्म्युलेशन म्हणत. तो अंदाज असे, म्हणून पेन्सिलीने लिहायचा, त्या माणसाला वाचून दाखवायचा, आणि तो 'नाही' म्हणाला की मला उचलायचं.

पहिल्या वर्षी माझा एक कोपरा गेला. घासताना अंग जळतं, मित्रांनो. पुढे वेलणकरांचं नाव झालं, अंदाज बरोबर येऊ लागले, आणि मी पडून राहिलो. पांढराशुभ्र. मला ते आवडलं.

मग १९७१ साली रेमंडचा कागद आला.

रेमंडने तीन शेड जाळल्या होत्या. अंगावर भाजल्याचे जुने डाग. दोन वर्षं दर शनिवारी त्याचे वडील बिस्किटं घेऊन येत. वेलणकरांनी लिहिलं: वडिलांनी लहानपणी भाजलं, तो राग आगीतून निघतो. भेटी बंद कराव्यात.

"शशिधर, इतकं सुबक आलंय, फ्रेम करून लाव की," सिस्टर शुलामीथ म्हणाली. ती मुंबईची, त्यांच्याशी मराठीत बोले.

"जेलस आहेस तू."

"त्याला विचारलंस?"

विचारलं. रेमंड म्हणाला, "नाही साहेब. लहानपणी ती आग माझ्याच हातून लागली होती. बाबांनी मला बाहेर ओढलं."

वेलणकरांनी मला उचललं. 'वडील' या शब्दावर टेकवलं. त्यांचा अंगठा माझ्यावर होता आणि मी मनात म्हणत होतो, नको, ठेवा मला खाली.

"तो वडिलांना पाठीशी घालतोय," ते शुलामीथला म्हणाले. "बघ, हाच तर पुरावा."

आणि त्यांनी मला खाली ठेवलं.

कागद टाइप झाला. भेटी बंद झाल्या. वडील आणखी दोन शनिवार आले आणि फाटकावरून परत गेले. रेमंडने बोलणं सोडलं. एका दुपारी त्याने स्वतःची गादी पेटवली आणि खोलीतच बसून राहिला. शुलामीथने त्याला ओढून काढलं.

१९७२च्या हिवाळ्यात वडील वारले. रेमंडच्या आत्याचं पत्र आलं. चार वर्षांच्या रेमंडला जळत्या शेडमधून त्यांनीच काढलं होतं.

"तिन्ही शेड पेटवल्या तेव्हा तो पळाला नव्हता, शशिधर," शुलामीथ म्हणाली. "आत बसला होता. कुणीतरी यावं म्हणून."

वेलणकरांनी पेन्सिलीने लिहिलेला मूळ कागद काढला आणि मला इतकं घासलं की तो फाटला. मग नव्या कागदावर लिहिलं: एकटा पडला की आग लावतो. हाक मारायला शिकवायचं. त्यांनी तो कागद रेमंडला वाचून दाखवला. रेमंड म्हणाला, "हो. असंच आहे."

पण आता शनिवारी कुणी येणार नव्हतं.

मित्रांनो, दोष केवळ वेलणकरांचा नाही. अंग राखायला मीही टपलो होतो. तुम्ही कुणाबद्दल काही ठरवलंत, तर त्याला वाचून दाखवा. तो 'नाही' म्हणाला, तर त्याचं 'नाही' आपल्या बाजूला ओढू नका. माझ्यासारख्याला झिजवा. आम्ही त्यासाठीच आहोत.

मार्च १९६९मध्ये रेमंडचे वडील भेटीच्या फॉर्मवर सही करायला याच टेबलापाशी आले, त्यांनी वेलणकरांसमोर हातमोजे काढले, आणि त्यांचे दोन्ही तळहात भाजून आकसलेले होते.