खुर्चीवरचा कोट

मी एक जुनी फिरती खुर्ची आहे. ज्या वर्षी माझ्या मालकाच्या धाकट्या बहिणीचे लग्न झाले, त्याच वर्षी आम्ही दोघे एका सॉफ्टवेअर कंपनीत रुजू झालो. लग्नाला त्याला एकच दिवस रजा मिळाली होती.

मित्रांनो, तेव्हा माझी चाके आवाज न करता फिरत. येणारे-जाणारे माझ्या कापडाचे कौतुक करत. पण लवकरच माझ्यावर आणखी एक काम पडले. त्या कंपनीत जागेवरून उठायचे तर साहेबांना कारण सांगावे लागे. म्हणून बाहेर सटकताना सगळे जण आपला कोट खुर्चीच्या पाठीवर अडकवून जात. कोट दिसला की साहेब समजत, माणूस इथेच कुठेतरी आहे.

नऊ वर्षे त्याने माझ्यात बसून काढली. शेवटी शेवटी तो एकच ओळ लिहून पुन्हा पुन्हा खोडत राही. एका सकाळी त्याला स्वतःचा पासवर्ड आठवेना, आणि तो माझ्यात बसून रडला. डॉक्टरांनी महिनाभर रजा सांगितली. साहेबांनी चार दिवस दिले. त्याने नोकरी सोडली. मी तेव्हा भंगारात निघाले होते. मला मागून घेऊन तो घरी आला.

घरी त्याची म्हातारी आई होती. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, छातीत अधूनमधून कळ. आता लेक हाकेच्या अंतरावर राहील, याचाच तिला मोठा आधार वाटला. त्याने दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायला घेतले. रोग्याला घरबसल्या नंबर मिळावा, कुणाला ताटकळत बसावे लागू नये. स्वतःचा धंदा म्हणजे स्वतःचा वेळ, असे तो सगळ्यांना सांगे. पण एका साहेबाच्या जागी वीस डॉक्टर आले. त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलताना चेहरा दिसे, म्हणून तो घरातही कोट घालून बसू लागला. खाली पायजमाच. माझा लेक कमरेपर्यंतच साहेब आहे, असे म्हणून आई हसायची.

एकदा तिने कामात मध्येच हाक मारली, तेव्हा तो खेकसला, "मी खुर्चीत दिसलो की मीटिंग आहे असं समज ना, आई."

तिने ते मनावर घेतले.

त्या दुपारी एका दवाखान्यातले नंबर अडकले. त्याने कोट माझ्या पाठीवर अडकवला आणि कुणालाही न सांगता निघून गेला. घरात साहेब नव्हता, पण सवय तीच राहिली होती.

थोड्या वेळाने आई भिंत धरत दारापर्यंत आली. एक हात छातीवर होता. तिला पाठमोरा कोट दिसला.

"तुझं झालं की सांग रे," ती हळूच म्हणाली. "मी बसते इथे."

दाराजवळच्या स्टुलावर ती बसली. मला चाके आहेत, पण स्वतःहून वळता येत नाही. तो दीड तासाने परतला, तेव्हा ती तशीच होती, डोके चौकटीला टेकलेले.

आता मी गॅलरीत पडून आहे. कापड फाटले, एक चाक निखळले. त्याचे सॉफ्टवेअर मात्र चांगले चालते म्हणे. दवाखान्यात कुणाला थांबावे लागत नाही. मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका. घरातून उठून जाल तेव्हा एवढे सांगून जा, की मी जातो आहे.

त्याची आई, त्याने नोकरी सोडल्याच्या दुसऱ्या वर्षी, बहिणीची मुलगी शाळेत जाऊ लागली त्या महिन्यात, बुधवारी दुपारी तीन ते साडेतीनच्या दरम्यान वारली.