भीतीचे पैसे

झाडाखाली मोडण्यासारख्या गोष्टी सात होत्या: एकोणीस काचांची पुढची खोली, पाण्याची टाकी, विजेची तार, शेजाऱ्यांची भिंत, भिंतीपलीकडची पांढरी मोटार, दगडी बाक आणि कुत्र्याचं रिकामं घर. कामाची किंमत सांगायला आली होती तेव्हाही वहिनीने त्या मोजल्या होत्या. आज पुन्हा मोजल्या, आकडा तोच आला. आठवा तिचा दीर. पण तो झाडाखाली नव्हता. जमिनीपासून चौदा मीटरवर, कमरेच्या पट्ट्यावर भार टाकून, तो करवतीत तेल घालत होता.

"वहिनी," तो वरून ओरडला, "शेजारचे काका मोटार धुतायत. त्यांना म्हणावं, उगाच कष्ट घेऊ नका, आत्ता भुसा पडणार आहे."

"भाऊजी, तुम्ही कामाकडे बघा. खाली बघू नका."

"खाली बघायचे पैसे वेगळे लावा की मग."

बुंध्याजवळ दोर धरून उभा असलेला तिचा नवरा हसला. ती हसली नाही. दीर झाडावर असला की तिला हसू येत नसे; तो खाली उतरला की मग त्याच विनोदावर ती टेम्पोत बसून हसायची.

धंदा तिघांचा होता. दीर चढायचा, नवरा खाली दोर सांभाळायचा आणि वहिनी किंमत सांगायची. गिऱ्हाइकंही तिला वहिनीच म्हणत, वयाने मोठी असली तरी. पूर्वी नवरा स्वतः चढायचा आणि किंमतही तोच सांगायचा, बहुतेक वेळा समोरच्याच्या तोंडाकडे बघून. म्हातारं माणूस दिसलं की कमी, लहान मुलं दिसली की आणखी कमी. अशाच एका कमी पैशांच्या कामात, दुसरा दिवस परवडणार नाही म्हणून, तो अंधार पडू लागला तरी फांदीवर थांबला. दोर एकदाच चुकीचा बांधला गेला. पडून मोडलेला गुडघा जोडला, पण तो पुन्हा चढला नाही. त्यानंतर वहिनीने हार्डवेअरच्या दुकानातली बिलं करायची नोकरी सोडली आणि किंमत सांगायचं काम स्वतःकडे घेतलं.

तिची रीत साधी होती. तीन माणसांचा दिवस, इंधन, करवतीच्या साखळ्यांची झीज, लाकूड वाहून न्यायचा खर्च, विमा. त्या सगळ्यावर पाचवा हिस्सा नफा. इथपर्यंत कुणीही केलं असतं. मग ती झाडाखाली जाऊन उभी राही, मान वर करी, आणि दीर शेंड्याशी आहे असं डोळ्यांपुढे आणी. तळव्यांना घाम आला तर आणखी एक रक्कम वाढवी. गिऱ्हाइकाच्या कागदावर तिला 'इतर' म्हणत. घरात तिघंही तिला भीतीचे पैसे म्हणत. त्या पैशांतून कधी एक जादा दिवस यायचा, म्हणजे कुणाला घाई नको. कधी लांब हाताची गाडी यायची, जिच्या टोकाच्या पाळण्यात उभं राहून झाड कापता येतं, झाडावर भार न टाकता. त्या गाडीला धंद्यात नुसतं पाळणा म्हणतात. पाळण्याचं एका दिवसाचं भाडं म्हणजे या कामाच्या किमतीचा जवळजवळ अर्धा भाग.

या कामात तिने 'इतर' लावलं नव्हतं.

त्याच्या आधीची तीन कामं ओळीने हातची गेली होती. एक करवत आणि एक शिडी एवढ्यावर धंदा करणारा एक माणूस प्रत्येक ठिकाणी त्यांच्यापेक्षा कमी सांगून आला होता. तिसऱ्या वेळी नवरा जेवताना म्हणाला, "अगं, लोक आपल्याला झाड कापायला बोलावतात. तू त्यांना स्वतःची भीती विकायला निघतेस."

तो रागाने बोलला नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं.

म्हणून हे झाड तिने फार बारकाईने तपासलं होतं. हातात मोगरी होती, कपडे धुताना बडवायला असते त्याहून जराशी मोठी, लाकडाचीच. बुंधा ठोकत ती दोनदा फिरली. भरीव लाकडावर मोगरी पडली की हाताला झटका बसतो आणि आवाज टणक येतो. आतून कुजलेलं असलं की आवाज बद्द येतो आणि हाताला काहीच लागत नाही. या झाडाचा आवाज टणक होता, सगळीकडून, इतका की तिला बरं वाटलं. शेंडा तेवढा वाळला होता. तिने रक्कम खोडली आणि काम मिळालं.

वर करवत सुरू झाली. दिराने घराच्या बाजूला खाच घेतली. शेंडा मुळातच तिकडे कललेला, म्हणून तिकडेच वाकायचा होता. लाकडाची फाक फिरत फिरत खाली आली आणि गवतावर पडली. मग करवत बंद झाली. आता तो शेंड्याला दोर बांधणार, मागच्या बाजूने कापणार, आणि शेंडा सुटला की नवरा दोर हळूहळू सोडत त्याला जमिनीवर उतरवणार. दोराचे वेढे बुंध्यालाच बांधलेल्या लोखंडी खुंटाला होते. म्हणजे शेंडा सुटल्यावर जो हिसका बसायचा, तो सगळा याच झाडाला.

तेवढ्यात घरमालकीण मावशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. पांढरे केस, अंगावर नवऱ्याचा जुना स्वेटर.

"थांबलं वाटतं. मी म्हटलं, तेवढ्यात चहा देऊन घ्यावा. वरच्याला कसा पाठवायचा?"

"तो खाली आल्यावर घेईल, मावशी. तुम्ही आत जा, इथं उभ्या राहू नका."

"जाते. मला नाही बघवत तसंही." पण त्या गेल्या नाहीत. "ह्यांचा फार जीव होता या झाडावर. लेकरासारखं केलं त्याचं. एकदा तर त्याची दाढसुद्धा भरली होती."

"काय भरलं?"

"अहो, इथं केवढं तरी भगदाड होतं. मांजर आत जाऊन व्यायलं होतं एकदा. मग ह्यांनी ते सगळं खरवडून काढलं आणि सिमेंट भरलं. दोन दिवस लागले. पुस्तकात वाचलं होतं कुठंतरी, म्हणे असं केलं की झाड जगतं. आणि जगलं की नाही? आता बघा, कळतसुद्धा नाही. वरून साल चढली."

वहिनीने उचललेला कप खाली ठेवला. ट्रेवरच ठेवला, नीट.

"किती उंच होतं भगदाड?"

"ह्यांच्या डोक्याएवढं असेल. वाकून नाही, उभं राहूनच भरत होते ते."

तिने मोगरी जिथवर मारली होती, तिथवरच. तिच्या हाताला जिथवर सहज पोचता आलं, तिथवर. तो टणक आवाज लाकडाचा नव्हताच.

"मावशी, तुमचं स्टूल द्या जरा."

मावशींनी स्वयंपाकघरातलं स्टूल आणलं. वहिनी त्यावर चढली, एका हाताने बुंधा धरला आणि हात पुरेल तितक्या वर मोगरी मारली. हाताला काहीच लागलं नाही. बाजूला सरकून पुन्हा मारली. तसंच. आवाज गादीवर बुक्की मारल्यासारखा आला.

नवऱ्याने तो ऐकला. तोही या धंद्यात वीस वर्षं होता, त्याला काही सांगावं लागलं नाही. त्याने फक्त दोराचा आणखी एक वेढा खुंटाला घातला.

"खाली सिमेंट आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "त्याच्या वर सगळं पोकळ. हिसका बसला तर इथून मोडेल, सिमेंट संपतं तिथून."

"किती पोकळ?"

"मला काय माहीत."

"अगं, खाच घेऊन झालीय. शेंडा तसाच सोडून उतरला तर वारा आला की तो आपोआप येईल खाली. खोलीवर येईल."

"शेंडा दोराने मागे बांधून घेऊ देत. मग उतरू देत. उद्या पाळणा आणायचा."

"पाळणा." तो वर बघत होता. "म्हणजे सगळं काम पदरचं."

"हो."

वर दिराने आवाज अडवणारे कानांवरचे डबे पुन्हा चढवले. करवतीची दोरी ओढायला त्याचा हात मागे गेला. ओरडून उपयोग नव्हता. हत्यारं वर पाठवायचा एक बारीक दोर झाडालगत लोंबत होता. तो दोनदा ओढला की काम थांबवायचं, असं त्यांचं ठरलेलं. पण आजवर ती खूण कधी कुणी केली नव्हती. वहिनीने दोर धरला आणि तिला क्षणभर वाटलं की आपण ओढल्यानेच झाड हलेल. मग तिने ओढला, दोनदा, मूल झोपलेल्या खोलीचं दार लावतात तसा.

दिराने डबे कानांवरून सरकवले. "काय झालं? जेवायला वाढलं का?"

"भाऊजी, करवत लावू नका. शेंडा मागच्या बाजूला बांधा आणि खाली या. हळू या. झटका बसू देऊ नका."

"का? आता तर मजा होती."

"बुंधा पोकळ आहे."

त्याने बुंध्याकडे बघितलं, मग त्याच बुंध्याला बांधलेल्या स्वतःच्या पट्ट्याकडे. पट्टा दुसरीकडे कुठं बांधायला जागाच नव्हती. मग तो कामाला लागला. दोराचे तीन वेढे, गाठ, त्यावर गाठ. प्रत्येक हालचाल तो आधी करून बघतोय आणि मग खरी करतोय, असं खालून दिसत होतं.

वहिनीने बुंध्यावर तळहात टेकवला. झाडाच्या आत काही होत असेल तर आधी हाताला कळेल, असं तिला वाटलं. आणि कळलं तर काय करायचं, हे तिला माहीत नव्हतं. तो एक पाय खाली सरकवी, थांबे, दुसरा सरकवी. त्याच्या बुटांचे खिळे सालीत रुतले की तिच्या हाताला बारीक टिकटिक लागे. एकदा आतून कसलासा करकर आवाज आला. तिघांनीही तो ऐकला. दीर जिथल्या तिथे थांबला, गाल सालीला लावून. नवरा म्हणाला, "ये, ये, काही नाही," अशा आवाजात, ज्यात तो कुणाशीच कधी बोलत नसे.

पाय जमिनीला लागल्यावर दिराने पट्टा काढला आणि चार पावलं जाऊन दगडी बाकावर बसला.

"त्या बाकावर नको," वहिनी म्हणाली. "तोही खालीच येतो झाडाच्या."

तो उठला आणि टेम्पोपाशी जाऊन उभा राहिला. चहा गार झाला होता. त्याने तो तसाच प्यायला.

"वहिनी, तुम्ही दर वेळी भीतीचे पैसे लावता," थोड्या वेळाने तो म्हणाला. "या वेळी सूट कुणाला दिलीत, त्यांना की मला?"

तो चेष्टा करत होता. तिने स्टूल उचललं आणि मावशींना परत नेऊन दिलं.

शेजाऱ्यांची मोटार हलवली. मावशींना मागच्या खोलीत झोपायला सांगितलं. रात्री वारा होता. सकाळी येऊन बघितलं तर शेंडा जागेवर होता.

पाळणा नऊ वाजता आला. दीर त्यात उभा राहिला, झाडापासून हातभर लांब. शेंडा दोरावर घ्यायचाच नव्हता. तो छोटे छोटे तुकडे करून हाताने काढला. मावशी पायरीवर बसून बघत होत्या. दुपारी त्यांनी वहिनीला जवळ बोलावलं.

"या गाडीचे पैसे मी द्यायचे ना?"

"नाही, मावशी. मी किंमत सांगितली होती."

"पण सिमेंटचं मी सांगितलं नव्हतं."

"मी विचारलं नव्हतं. तार कुठून जाते ते विचारलं, पाण्याचा पाइप विचारला. झाडाला काय झालं होतं ते नाही विचारलं."

मावशी म्हणाल्या, "हे असते तर त्यांनी लगेच सांगितलं असतं. सगळ्यांना सांगायचे ते, आल्यागेल्याला."

तेवढ्यात वहिनीचा फोन वाजला. आदल्या आठवड्यात तिने एका घराच्या झाडाची किंमत सांगितली होती, ते गृहस्थ होते. दुसऱ्या एकाने बरीच कमी सांगितली आहे, म्हणाले. तुमचं हे 'इतर' म्हणजे काय, ते काढलं तर काम तुम्हालाच. नवरा जवळच लाकडं उचलत होता. तो थांबून तिच्याकडे बघू लागला.

"ते नाही निघणार," वहिनी म्हणाली. "आणि त्या झाडाला पूर्वी कुणी काही केलं होतं का? पोकळी भरली, तारेने आवळलं, असं काही? माहीत नसेल तर जुन्या मालकांना विचारा. मग मी पुन्हा येऊन बघते."

पलीकडून 'कळवतो' असं उत्तर आलं. तिने फोन ठेवला. नवऱ्याने टेम्पोतून मोजपट्टी काढून तिला आणून दिली.

शेवटचा काप, मोगरी मारल्यावर हाताला काही लागलं नव्हतं, तिथे घेतला. करवत बाजूला झाल्यावर बुंध्याचं तोंड उघडं पडलं: मधे तपकिरी भुसभुशीत चुरा, बोट घातलं तर मनगटापर्यंत जाईल असा, आणि भोवती फिकट लाकडाचं कडं. चुरा उकरल्यावर तळाशी सिमेंट दिसलं, वर थापीचे फटकारे अजून तसेच.

बुंधा आडवा ब्याण्णव सेंटिमीटर भरला. मध्यापासून सालीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निदान तिसऱ्या हिश्शाइतकं लाकूड धड असावं लागतं, तरच त्यावर माणूस चढवायचा, असा त्यांच्या धंद्यातला नियम. इथे ते पंधरा सेंटिमीटर हवं होतं. दिराने पट्टीचं टोक कडेला धरलं. वहिनीने साल सोडून चार बाजूंनी मोजलं आणि ती मोठ्याने सांगत गेली.

भिंतीकडे अकरा. रस्त्याकडे नऊ. टाकीकडे नऊ. खोलीकडे, जिकडे शेंडा पडायचा होता, चार.