सांदीतले स्टूल

झुलाल मिस्त्रींच्या थोरल्या लेकीचे, ताईबाईचे लग्न झाले ते १९८१ साल. लग्नघरातली गडबड चालू असतानाच त्यांनी मला घडवले. मी एक जुने स्टूल आहे, बाभळीचे, पाठ नसलेले. जळगावच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी दाखल झालो. माझ्यावर बसून मुले परीक्षानळीतले रंग बघत. मी डगमगत नाही म्हणून माझ्यासाठी भांडत. मित्रांनो, माझे सुखाचे दिवस तेवढेच.

१९८९ साली निंबा पाटील सर आले. गाव अमळनेरजवळचे. नोकरी अजून कच्ची होती. कायम व्हायला विभागप्रमुखांचा शेरा चांगला हवा होता. पहिल्याच बैठकीत सर त्यांना आदराने म्हणाले, "आबा, तुम्ही सांगाल तसं." त्यांच्या गावी मोठ्या माणसाला असेच म्हणतात.

विभागप्रमुख तडकले. "आबा? मी काय तुझा बाप आहे? हे कॉलेज आहे, गावचा पार नाही!"

सगळे हसले. दुसऱ्या दिवशी सरांची खुर्ची दुरुस्तीला म्हणून नेली आणि त्यांना बसायला प्रयोगशाळेतून मला आणून शिक्षकांच्या खोलीत भिंत व कपाट यांच्या सांदीत कोंबले. बसले की सरांचे गुडघे कपाटाला टेकत. कपाट उघडायचे तर सरांनी उठायचे. विभागप्रमुख दिवसभर मुद्दाम खडू मागवत. "उठा आबा, खडू हवाय!" आता सगळेच त्यांना तशी हाक मारत. खुर्ची परत आली नाही. शेरा लिहायचा राहिला होता, म्हणून सर बोलत नव्हते. मला तर हलताच येत नव्हते. दोघेही तिथेच अडकलो.

एकदा सरांचे वडील, धनसिंग, लेकाचे कॉलेज बघायला आले. हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी.

"निंबा, तुनी खुर्ची कोठे शे?"

विभागातलेच पितांबर सर आपल्या खुर्चीवरून अर्धे उठले. विभागप्रमुखांनी बघितले तसे पुन्हा बसले.

"ती काय, सांदीत," विभागप्रमुख म्हणाले.

सर उठून बाजूला झाले. "आबा, बठा."

या वेळी कोणी हसले नाही. म्हातारा अंग चोरून माझ्यावर बसला. त्याचेही गुडघे कपाटाला टेकले. त्याने हाताने माझे लाकूड चाचपले.

"मजबूत शे," तो म्हणाला. पिशवी त्याने मांडीवरच धरून ठेवली.

निघताना दारात त्याने लेकाकडून पुढच्या वेळी खुर्चीवर बसवायचे वचन मागितले, "तू कायम व्हयना का मी परत येसू. तवय माले खुर्चीवर बठाडजो."

आता मी माळ्यावर पडून आहे. एक पाय सैल झाला आहे. मित्रांनो, तो ठोकला नाही तरी चालेल. पण तुमच्यात कोणी असा सांदीत बसलेला दिसला, तर आपल्या जागेवरून उठा. अर्धे नको, पुरते उठा.

निंबा सर जून १९९१ मध्ये कायम झाले. त्यांना खुर्ची मिळाली. धनसिंग आबा त्याआधी, त्याच वर्षीच्या होळीच्या दुसऱ्या दिवशी वारले.