चित्रातली पांढरी टोपी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा. एक उथळ नदी आहे. तिच्या गुडघाभर पाण्यात तीन गायी उभ्या आहेत. काठावर गवताने भरलेली गाडी आणि गाडीपाशी पांढरी टोपी घातलेली एक बाई. दिसले? तेच मी. मी एक जुने तैलचित्र आहे.

इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, एका पाणचक्कीवाल्याच्या घरी माझा जन्म झाला. एक चित्रकार उन्हाळाभर तिथे राहिला होता. शहरांत धुराडी वाढत होती. तो म्हणे, "हे कुरण असंच राहायचं नाही. आत्ताच टिपून ठेवतो." चक्कीवाल्याची बायको गवत भरायला आली, तेव्हा त्याने तिलाही रंगवले. टोपीचा एक ठिपका, चेहऱ्याचा एक, निळ्या झग्याचा एक. जाताना त्याने मला तिथेच ठेवले. त्याच हिवाळ्यात ती बाई तापाने गेली. तिचे दुसरे चित्र कुणी काढलेच नव्हते.

मला शेकोटीवरच्या भिंतीवर टांगले. सुरुवातीला पाहुणे म्हणत, याला गवताचा वास येतो. मग वर्षानुवर्षे कोळशाचा धूर बसत गेला आणि पाहुणे विचारू लागले, ही रात्र आहे का? त्या बाईची लहानगी लेक केझाया आता आजी झाली होती. तिचे डोळेही अधू झाले होते.

ईस्टरच्या आधी तिथे सारे घर घासूनपुसून काढतात. चित्र पुसायचे ते कापलेल्या बटाट्याने, अशी जुनी रीत. केझायाची लेक डॉर्कस हिने मला खाली उतरवले, बटाटा फिरवला आणि तळहाताएवढे आभाळ निळे झाले. तिला हुरूप आला. तिने साबण आणि फरशीचा ब्रश आणला.

"आत्या, गाय गेली," तिची भाची टॅबिथा म्हणाली.

"कुठे जाईल?"

"ब्रशात गेली."

ब्रश तांबूस झाला होता. "असू दे," आत्या म्हणाली. "दोन उरल्यात. आपल्या गोठ्यात तर एकच आहे."

"डॉर्कस, गायी गेल्या तर जाऊ देत," खुर्चीतून आजी म्हणाली. "माझ्या आईला ब्रश लावू नकोस."

"मग ती काळीच राहील, आई. तुला तिचा चेहरा तरी आठवतो का?"

आजी म्हणाली, "चेहरा नाही. रुमाल आठवतो. चर्चला निघालो की रुमालाचं टोक जिभेला लावायची नि माझा गाल पुसायची. मला मेली किळस यायची. आता कोण पुसतंय?"

आत्याने ब्रश खाली ठेवला.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जोर सोसत नाही. आमची काळजी घ्यायची, तर हात हलका हवा.

टॅबिथाने रुमाल काढला. त्याचे टोक जिभेला लावले आणि टोपीचा तो एकच ठिपका हळूहळू पुसत राहिली. टोक तपकिरी झाले. मग तिने मला उचलून आजीच्या अगदी नाकाशी धरले.

"टोपी पांढरी होती होय," आजी म्हणाली. "मला राखाडी वाटायची." तिच्या गालावरून पाणी ओघळले.

टॅबिथाने मला खाली ठेवले. रुमालाचे दुसरे, कोरे टोक जिभेला लावले आणि आजीचा गाल पुसला.