प्लास्टिकमागचा पडदा

"अहो मॅडम, थांबा," असं विभागप्रमुख दारातून म्हणेपर्यंत बाईंनी पडद्यावरचं प्लास्टिक वरपासून खालपर्यंत टर्रकन फाडलं होतं.

"आता पाहणीच्या समितीला काय दाखवू मी?"

"चालू असलेला पडदा दाखवा, सर."

भौतिकशास्त्राच्या या बाईंनी वर्षभर कळ काढली होती. हा भलामोठा डिजिटल पडदा आला तो थेट फळ्यावरच ठोकला गेला, आणि पाहणी होईपर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, असं फर्मान निघालं. फळा गेला आणि पडदाही मिळाला नाही. कडेला उरलेल्या हातभर पट्टीवर बाई लाटा काढत राहिल्या आणि निम्मा वर्ग लाटांच्याच पेपरात आपटला. वर 'मॅडमना नवं तंत्रज्ञान झेपत नाही' हा शेरा त्यांच्याच माथी आला. तो त्यांच्या फार जिव्हारी लागला. सुट्टीत भाचीच्या मागे लागून त्या सगळं शिकल्या आणि पडद्यावर हलणारी लाट संगणकावर स्वतः तयार केली. आज ती मुलांना दाखवायचीच, असं ठरवून त्या आल्या होत्या.

त्यांनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पडदा काळाठिक्करच. मागच्या बाकावर कोणीतरी फिसकन हसलं. बाईंनी पडद्यामागे हात घालून चाचपलं, तर हाताला नुसती धूळ लागली. विजेची वायर तिथे कधी आलीच नव्हती.

"मंजूर झालीय," विभागप्रमुख हळूच म्हणाले. "समिती येऊन गेली की बसवतील."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

ते फाटलेलं प्लास्टिक गोळा करू लागले. "नवं प्लास्टिक मागवतो. चिकटवून टाकू. कोणाला कळायचं नाही."

संतापाने बाईंची कानशिलं तापली. पण समोर वर्ग बसला होता आणि तास चालू होता. त्यांनी पर्समधून प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवर नावं घालायचा पांढरा पेन काढला, काचेवरून सहजासहजी न निघणारा. काळ्या काचेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांनी एक लाट ओढली. शेवटच्या बाकावरच्यालाही दिसेल एवढी मोठी. मग तिचं शिखर दाखवलं, दरी दाखवली. वह्या उघडल्या गेल्या.

"मॅडम, हे पुसलं जाईल ना?" विभागप्रमुखांचा आवाज चिरकला. "समिती उद्या येतेय."

"येऊ दे की," बाई न वळताच म्हणाल्या. "मागच्या बाकांवर जागा आहे. बसवा त्यांना."