अंगठीचा हिवाळा

"दुखतंय का?"

"नाही."

"इथं?"

"अहो, नाही म्हटलं ना! सोडा आता, दूध उतू जाईल."

त्याने बायकोचं बोट सोडलं, पण मनाविरुद्ध. बाजारात फळ दाबून बघावं तशी तो रोज सकाळी तिच्या बोटांची पेरं दाबून बघत होता. हिवाळा अर्धा सरला तरी यंदा ती सुजली नव्हती, आणि या गोष्टीचं वाईट वाटणारा माणूस अख्ख्या जगात तो एकटाच असावा.

तो वजनकाट्यावर कारकून होता. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, वजाबाकी करून पावती फाडायची. म्हणून सगळे त्याला 'काटा'च म्हणत. नोकरी काट्यावर, पण जीव परसातल्या पांढऱ्या लाकडी पेटीत. झडपांच्या त्या पेटीत तापमापक टांगलेला होता. अशा पेट्या असलेली थंडीवेडी माणसं गावात आणखी तीन होती: बेकरीवाला, दुकान मुलाकडे सोपवलेले औषधवाले आणि शाळेत भूगोल शिकवणाऱ्या बाई. रविवारी सकाळी बेकरीच्या मागच्या बाकावर ही मंडळी आपापला आकडा सांगत. ज्याचा पारा सगळ्यांत खाली, तो आठवडाभर मान ताठ ठेवून चाले.

काट्याकडे मात्र एक जादा यंत्र होतं. हिवाळ्यातली पहिली थंडीची लाट येण्याच्या एक-दोन दिवस आधी त्याच्या बायकोची बोटं सुजत. अंगठी रुतायला लागली की ती साबण लावून काढायची आणि खिडकीतल्या वाटीत ठेवायची, ती थेट उन्हाळ्यापर्यंत. काटा बेकरीच्या दारातूनच ओरडायचा, "अंगठी उतरली!" की बेकरीवाला टोस्टचा घाणा वाढवायचा आणि औषधवाले मुलाला खोकल्याच्या बाटल्या पुढे मांडायला सांगायचे. रेडिओचा अंदाज चुकला असेल, अंगठीचा कधी नाही. बाकीच्या तिघांना काट्याचा हेवा वाटे. त्या यंत्राला दुखतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्यावरच तर ते चालायचं.

यंदा बाकावर सुतकी कळा होती. औषधवाल्यांनी आशेने खिडक्या सताड उघड्या टाकून झोपायला सुरुवात केली आणि अंगभर डास चावून घेतले. बेकरीवाल्याने केवळ तत्त्व म्हणून लोकरीची टोपी घातली होती आणि तिच्याखालून घाम टिपत होता.

"काढा हो ती," बाई म्हणाल्या. "हा हिवाळा नव्हेच. हिवाळ्याची पाटी लावलेलं रिकामं दुकान आहे."

"तुमचं ठीक आहे, बाई," औषधवाले म्हणाले. "माझ्या वाट्याला अजून किती उरलेत? त्यातला एक असा वाया."

मग बेकरीवाल्याने हळूच विचारलं, "अंगठी?"

"बोटातच आहे," काटा म्हणाला. दवाखान्यातून येऊन आजाऱ्याची खबर सांगावी तसा.

घरी चित्र उलटं होतं. बायको शिवणकाम करायची, पण दर हिवाळ्यात तिच्या मशीनवर चादर पडायची. यंदा पहिल्यांदाच तिने हिवाळ्यात काम घेतलं होतं: कपड्याच्या दुकानाचे लहान मुलींचे झगे, हाताने घातलेल्या काजांचे. संध्याकाळी काटा घरी यायचा तेव्हा ती दाताने दोरा तोडत काहीतरी गुणगुणत असायची. त्याचं तोंड दिसलं की गुणगुणणं थांबायचं. तो जेवायचा, पण पानात काय पडलंय हे त्याला सांगता आलं नसतं.

"एवढं काय मनाला लावून घ्यायचं?" एकदा ती म्हणाली. "थंडीच ती. पडेल, नाहीतर नाही पडणार."

"तुला नाही कळायचं. माणूस वर्षभर कशाची तरी वाट बघतो की नाही?"

तिने हातातल्या झग्याचं काज पुरं केलं, आणि मग बराच वेळ आपली बोटं उघडून मिटून बघत बसली.

दोन दिवसांनी सकाळी खिडकीतल्या वाटीत अंगठी होती.

"रात्रीपासून ठणकतंय," ती म्हणाली. तिने हात पदराखाली घेतला होता.

"खरंच?" काट्याचा चेहरा घरात दिवा लावावा तसा उजळला. मग त्याला आठवलं, आणि त्याने विचारलं, "फार दुखतंय का गं?"

आधी काय आलं आणि मागून काय आलं, ते तिच्या लक्षात आलं. तरी ती हसली. "जा, सांगून या तुमच्या लोकांना."

तो जवळजवळ पळतच गेला. बेकरीवाल्याने टोपी कानांवर ओढली. औषधवाल्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "पारा काय म्हणतोय?" बाईंनी विचारलं. "पारा मागून येतो," काटा म्हणाला, "आधी अंगठी!" घरी मशीनवर चादर पडली.

आठवडा गेला तरी पारा जागचा हलला नाही. बेकरीत टोस्टचे डबे पडून राहिले.

दुसऱ्या कोणाला बायकोचा संशय आला असता, किंवा निदान हवेचा. काट्याला तापमापकाचा आला. अंगठी खोटं बोलणं शक्यच नव्हतं, तेव्हा काच बिघडली असणार; बाकीच्या तिघांच्या तापमापकांवर तर त्याचा कधीच विश्वास नव्हता. त्याने तो पेटीतून सोडवला आणि दुपारच्या सुट्टीत बेकरीत नेला. बेकरीवाल्याने बर्फ कुटला. ठेचलेल्या बर्फात तापमापक शून्यावर आला की तो खरा. शाळेची मधली सुट्टी असल्याने पाव घ्यायला आलेल्या बाईही थांबल्या. चौघं पातेल्यावर वाकून उभे राहिले.

पारा खाली आला आणि शून्याच्या रेघेवर येऊन थांबला. ना वर, ना खाली.

"बरोबर दाखवतोय," बेकरीवाला पडक्या आवाजात म्हणाला.

"हे यंत्र खरं निघालं," बाई म्हणाल्या. "आता दुसऱ्या यंत्राला विचारा."

"यंत्र काय म्हणता हो तिला?" काटा एकदम तडकला.

"आम्ही?" बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं. "इतक्या वर्षांत तिची बोटं कशी आहेत असं इथं कोणी विचारलं नाही, काटासाहेब. आम्हीही नाही. सगळ्यांनी अंगठीच विचारली."

काट्याने तापमापक पुसून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि कामावर न जाता तो घराकडे वळला.

फाटकापाशीच त्याला आवाज ऐकू आला. मागच्या खोलीचं दार लोटून घेतलेलं होतं आणि आत मशीन चाललं होतं: थांबत, दचकत, कोणी आलं का याचा कानोसा घेत. त्याने दाराच्या फटीतून पाहिलं. बायको सुईत दोरा ओवत होती. पहिल्याच खेपेला दोरा आत गेला. बोटं सडसडीत, सरळ होती. लग्नात होती तशी.

त्याने दार ढकललं तेव्हा तिने झगा मांडीखाली लपवायचा प्रयत्न केला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"तुम्ही गेलात की बसते. दुकानदाराला शब्द दिलाय हो." मग मान खाली घालून म्हणाली, "तुमचं तोंड बघवेना मला. वाटलं, आज ना उद्या पडेलच थंडी, म्हणजे खोटं खऱ्यात जमा होईल."

"आणि पडली असती म्हणजे?"

"म्हणजे दुखलंच असतं की." ती सहज बोलली. "पुढच्या वर्षी दुखेलच. एवढा एक हिवाळा हात माझे होते, म्हणून उरकून घेत होते."

रोज टनांनी माल तोलणाऱ्या त्या माणसाला या वाक्याचं वजन कुठे मांडावं ते कळेना. तो खिडकीशी गेला, वाटीतली अंगठी घेतली आणि तिच्यासमोर स्टुलावर बसला. तिने सवयीने हात पुढे केला, दाबून बघणार म्हणून.

त्याने दाबलं नाही. अंगठी बोटावर सरकवली. ती पेरावर अडली नाही. साबणाशिवाय, अलगद मुळापर्यंत गेली.

"रविवारी काय सांगाल त्यांना?" तिने विचारलं.

"बोटं बरी आहेत म्हणून सांगेन."

तिने मशीन पुन्हा सुरू केलं. तो तिथेच बसून तयार झग्यांचे लोंबते दोरे कापू लागला. परसातली पेटी उघडीच राहिली होती, आणि कोटाच्या आतल्या खिशात पारा त्याच्या अंगाच्या उबेने वर वर चढत होता.