झाकलेली गुटी

श्रावण सरला. मेघांची दाटी विरली आणि भाद्रपदाचे ओले, केतकवर्णी ऊन परसात उतरले. पोफळींवर ऊन, विहिरीच्या काठावर ऊन, शेवाळलेल्या दगडी गडग्यावर ऊन. त्या उन्हात शेवंती उभी होती, आणि जांबाच्या एका फांदीकडे टक लावून बघत होती.

जांब गुलाबी फळांचा, जलगंधी, शीतलच्छाय. पण भिरुडाने त्याचे खोड आतून पोखरले होते. पुढचा पावसाळा तो बघणार नव्हता. निरोगी फांदी एकच उरली होती. तिच्यावर थोरल्या जावेने, भागीरथीने, गुटी बांधली होती: सालीचे कंकण सोलून, ओले शेवाळ लपेटून, वर प्लास्टिक आवळून. आत मुळे फुटली की फांदी कापायची, की झाले नवे झाड.

झाड एक, जावा दोन. दसऱ्याला चुली वेगळ्या होणार होत्या. थोरली इथेच राहणार, शेवंती माळावरच्या नव्या घरात जाणार. डोहाळ्यांत तिच्या पोटात अन्नाचा कण ठरत नव्हता, तेव्हा याच जांबाने तिला जगवले होते. या घरातले दुसरे काही तिला नको होते. हा हवा होता, अगदी जीव तोडून हवा होता. पण मागायचा कसा?

आणि एके दिवशी भागीरथीने प्लास्टिकवर गोणपाट गुंडाळले.

"गोणपाट कित्याक, वैनी?"

"मुळांक काळोख व्हयो गे. उघडून बघू नको हां."

बोलणे साधेच, पण सलत राहिले. मुळे कधी धरली ते कळू नये म्हणून का हा पडदा? गुपचूप कापून आपल्या दारी लावायची म्हणून? कुठेतरी पाणी मुरतेय, शेवंतीला वाटले. आणि एकदा वाटले ते वाटतच राहिले. थोरली हसली, तर का हसली? गप्प बसली, तर का गप्प बसली?

मग दुपार आली, निःशब्द, निद्रालस. थोरली पडवीत कलंडलेली. शेवंतीने गोणपाट सोडले, प्लास्टिक उकलले, शेवाळ बोटाने दूर केले. आत मुळे होती: शुभ्र, सुकुमार, तांदळाच्या शेवयांसारखी. तिला भरून आले. तिने पुन्हा बांधले.

दुसऱ्या दुपारी पुन्हा सोडले. तिसऱ्या दुपारी पुन्हा. सोडायचे, बघायचे, बांधायचे. शेवाळ सुकत चालले होते, ते तिच्या ध्यानात आले नाही. मुळे किती वाढली, वैनी आता फांदी कापून नेईल का, एवढेच ती बघत होती.

दसऱ्याच्या सकाळी भागीरथीने फांदी कापली. मातीने भरलेली कुंडी तिने आधीच पायरीवर आणून ठेवली होती.

"तुझ्या दारात झाड नाय," ती म्हणाली. "ह्यो जांब तुझो. पयल्यापासून तुझोच."

शेवंतीचे हात पुढे झाले, आणि तिथेच थांबले.

गोणपाट सुटले. प्लास्टिक सुटले. मुळे काळी, कोरडी. बोट लागताच झडली. भागीरथीने झडलेली मुळे तळहातावर गोळा केली.

"माझोच हात बरो नाय," ती हळूच म्हणाली. "रागावू नको, बाय."

शेवंतीने तिच्या डोळ्यांत संशय शोधला. पापणीखाली शोधला, पाण्याखाली शोधला. तो नव्हता. असता तर बरे झाले असते. 'मीच उघडली' एवढेच बोलायचे होते. ते ओठांवर आले आणि ओठांवरच सुकले.

थोरलीने तरीही फांदी कुंडीत खोचली, माती दाबली, ओंजळीने पाणी घातले. लागला तर लागला, म्हणाली. शेवंतीने कुंडी उराशी धरली आणि ती निघाली. उन्हातून, पाणंदीतून, उघड्या माळाकडे निघाली, मुळे नसलेले झाड घेऊन, पानापानाने मान टाकणारे.